झाकणसाहेबांचं औषध

हृदयाचं रक्त अडलं की पेशी कशा मरतात, हे झाकणसाहेब कुणालाही समजावून सांगत. लिफ्टमध्ये, जेवणाच्या टेबलावर, एकदा तर स्मशानातही. औषध पेशीच्या दारावर टकटक करतं, आतला एक रेणू दुसऱ्याला निरोप देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि निरोप पोचला की पेशीच्या वीजघराचं झाकण घट्ट बंद राहतं. मग रक्त परत आलं तरी पेशी फुटत नाही. "झाकण बंद, माणूस जिवंत!" असं म्हणून ते स्वतःच हसत. विद्यार्थ्यांनी ठेवलेलं 'झाकणसाहेब' हे नाव साहेबांना कौतुकाचं वाटे.

बायको त्याच प्रयोगशाळेत होती. उंदरांवर शस्त्रक्रिया ती करी, भाषणं हे करत. उंदराच्या हृदयाच्या चकत्या रंगात बुडवल्या की जिवंत भाग लाल होई, मेलेला फिकट राही. औषध दिलेल्या उंदरांत फिकट भाग निम्म्यावर आला, आणि साहेबांचे पाय जमिनीला लागेनासे झाले. एका इस्पितळाने हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी हे औषध रोग्यांना देऊन पाहायचं ठरवलं. साहेबांची ताई तिथेच तशाच शस्त्रक्रियेसाठी दाखल होती. आई गेल्यावर लोकांचे कपडे शिवून तिने या भावाला शिकवलं होतं. तिचं नाव साहेबांनी स्वतः यादीत घातलं, आणि ते जगाला सांगत सुटले.

बायकोच्या मनात मात्र एक गोष्ट सलत होती. औषधाचे उंदीर गुंगीचा वायू देऊन झोपवलेले, बाकीचे सुई टोचून. कारण साहेबांचा हुकूम! "माझे उंदीर सुईला दचकतात." आता तो वायूसुद्धा पेशीला तोच निरोप देतो. बायकोने सगळ्यांना वायू देऊन प्रयोग पुन्हा केला आणि चकत्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

"यातल्या औषधाच्या कुठल्या?" साहेबांनी विचारलं.

"तूच ओळख."

चष्मा लावून, काढून, पुसून झाला. सगळ्या सारख्याच लाल.

"वाचवलं वायूने. तुझ्या औषधाने नुसता रक्तदाब उतरतो, आणि शस्त्रक्रियेत तेच जिवावर बेतू शकतं."

"हळू बोल गं!"

"का? उंदीर चुगली करतील?"

साहेब बाहेर गेले आणि त्यांनी इस्पितळातल्या सर्जनना फोन लावला. "माझ्या बहिणीचं नाव तेवढं वगळा. घरगुती अडचण आहे." परत येऊन त्यांनी निवांत चहा मागितला.

"आणि बाकीचे रोगी?" बायकोने दारातून सगळं ऐकलं होतं.

"बघू. उगाच घाई करून संस्थेचं नाव घालवायचं का?"

दुसऱ्या दिवशी दोघं ताईला भेटायला गेली. आजारी बहिणीसाठी साहेबांनी काय न्यावं? स्वतःचा कोट. बटण तुटलं होतं. ताई उशीला टेकून शिवायला बसली.

"तुझं वय बघता ते औषध नकोच म्हटलं," साहेब म्हणाले.

"माझं वय काल ठाऊक नव्हतं का रे?" ताईने भावजयीकडे पाहिलं. भावजयीने जे होतं ते सांगून टाकलं.

ताईची सुई थांबली. शेजारच्या खाटेवर बसड्रायव्हरची बायको झोपली होती. उद्या तिची शस्त्रक्रिया होती, आणि त्याआधी तेच औषध.

"मला नको. मग हिला चालतं?"

"ताई, ती गोष्ट वेगळी..."

"काय वेगळी? हिला भाऊ नाही, एवढंच ना?"

तेवढ्यात सर्जन फेरीवर आले. "डॉक्टर, थांबा जरा. आमच्या बंधूंना काही सांगायचंय," ताई म्हणाली.

साहेब कोटासाठी हात पुढे करून उठले.

"सांग की! लिफ्टमध्ये तर तुला आवरावं लागतं."

अखेर साहेबांनी सांगितलं. चाचरत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोन वाक्यांत.  सर्जन नर्सला म्हणाले, "ते औषध बंद. सगळ्यांचं. आणि तुम्ही माझ्या खोलीत या."

ताईने दाताने दोरा तोडला आणि कोट पुढे केला. "घे. नीट घालून जा. आता बरेच जण बघतील तुझ्याकडे."