सत्कारमूर्तीची नोकरी

आमच्या कोल्हापुरात कुणाला काही द्यायचं नसलं की त्याचा सत्कार करतात. शाल, नारळ, गुलाबी फेटा, फोटो, आणि मग घरी. निम्मं आयुष्य एका फौंड्रीत माणसं भरती करण्याच्या खुर्चीवर बसून मी ही रीत पाहत आले. एकदा माझाही सत्कार झाला होता. त्या वर्षी मी बढती मागितली होती.

निवृत्तीनंतर पुण्याच्या एका संस्थेनं मला काम दिलं. देश सोडावा लागलेल्या घरांतल्या, पण हातात कसब असलेल्या माणसांना कारखान्यांत नोकऱ्या मिळवून द्यायच्या, आणि त्याआधी कारखानदारांना भरती कशी करावी ते शिकवायचं. ऐकायला इतकं उदात्त होतं की मला लगेच संशय आला. तरी घेतलं. सकाळी बागेत हसण्याचा व्यायाम करणाऱ्यांत बसण्यापेक्षा ते बरं.

पहिली कार्यशाळा कारखानदारांच्या एका संघटनेच्या हॉलमध्ये झाली. ‘समावेशक भरती’ असा फलक होता, श्रोत्यांच्या दोन रांगा झाकतील एवढा. व्यासपीठावरच्यांपैकी एकानंही आजवर सासुरवाडीच्या बाहेरचा माणूस कामावर घेतला नव्हता. समावेशकतेवर ते भरभरून बोलले. माझी पाळी आली तेव्हा मागून जेवणाचा वास यायला लागला होता, म्हणून मी थोडक्यात उरकलं. गाव आणि पाहुणे विचारू नका. आधी काम करून दाखवायला सांगा आणि तेवढंच बघा. कुठली कागदपत्रं चालतात ते वाचून घ्या, ओळखीच्या हवालदाराला फोन लावत बसू नका.

मागच्या रांगेतून एकजण उठला. “गाव न्हाय इचारायचं, पावणं न्हाय इचारायचं, मग काय मुकाट च्या पीत बसायचं?”

हॉल हसला. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न खरा होता. आमच्याकडे मुलाखत म्हणजे एवढंच असतं. उमेदवार पेठ वडगावचा निघाला की मालकाच्या मावशीचा दीर तिथं सापडतो, आणि शिक्षणाचा कागद उघडायच्या आत पगार ठरतो.

तरी एक मालक उभा राहिला. शिरोलीत त्याची फौंड्री. मेव्हण्याचा थोरला मुलगा पुण्याला गेल्यापासून त्याच्या प्रयोगशाळेतली केमिस्टची जागा रिकामी होती. पहिली भरती माझ्याकडं, असं त्यानं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. बोलताना तो माझ्याकडे न बघता फोटोग्राफरकडे बघत होता, ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली.

त्या जागेसाठी माझ्याकडे एक बाई होती. तिबेटी. आजी-आजोबा डोंगर ओलांडून आलेले, ती स्वतः हुबळीपलीकडे मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत जन्मलेली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन बेळगावच्या एका फौंड्रीत स्पेक्ट्रोवर काम करायची. लोखंड साच्यात ओतण्याआधी त्याचा एक तुकडा या यंत्रावर तपासतात आणि त्यात काय किती आहे ते भट्टीवर कळवतात. ती फौंड्री बंद पडली. आई वसाहतीत एकटी, हृदयानं अधू. कोल्हापुरात काम मिळालं तर पंधरा दिवसांनी आईकडे जाता येणार होतं. नाहीतर दिल्लीला चुलतभावाकडे जायचं, आणि मग आईची भेट वर्षातून एकदा. हे तिनं मला फोनवर सांगितलं आणि लगेच बजावलं, “मालकाला यातलं काही सांगू नका. टेस्ट घ्यायला सांगा.”

ठरलंही तसंच होतं. तीन उमेदवार, एकच परीक्षा, एकाच सकाळी.

ती आली तेव्हा फाटकाशी रांगोळी होती आणि हलगी वाजत होती. रिक्षातून उतरताच तिच्या डोक्याला फेटा गुंडाळला गेला. हातातल्या पिशवीत तिनं प्रयोगशाळेचा पांढरा कोट आणला होता. ती पिशवी कुणीतरी काढून घेतली आणि हातात नारळ दिला. मालकाचं भाषण झालं. या तिबेटच्या भगिनीला आपण पदरात घेत आहोत, दर थंडीत आपण यांच्याच लोकांकडून स्वेटर घेतो, वगैरे. फोटो झाले. पंगतीत मटणाचं ताट समोर आलं. बाकीचे दोघे उमेदवार तेवढ्या वेळात प्रयोगशाळेत परीक्षा देत होते.

हिची परीक्षा कधी, असं मी मालकाला विचारलं. त्यानं आवाज खाली आणला.

“मॅडम, असं कसं? आत्ता फेटा बांधला, नारळ दिला. पावण्या झाल्या त्या. पावण्यांची परीक्षा घ्यायची? शोभत न्हाय ते.”

तो खोटं बोलत नव्हता. मला चीड आली ती त्याचीच. लबाड माणसाला कोपऱ्यात गाठता येतं. मनापासून आग्रह करकरून वाढणाऱ्याला कुठं गाठणार?

तिनं ते ऐकलं होतं. तिनं फेटा उतरवून टेबलावर ठेवला, त्यावर शाल, शालीवर नारळ.

“काका, मी जेवायला नाही आले. त्या दोघांना जे सँपल दिलं, तेच मला द्या.”

वाढपी रश्श्याची बादली घेऊन जागीच थांबला. बाहेर हलगीवाल्याला काहीच कळलं नव्हतं, तो वाजवतच होता.

“म्हंजे आमचा नारळ परत?” मालक म्हणाला.

एवढं करून हा तोरा, असं मॅनेजर पुटपुटला. स्वेटर इकायला जावा म्हणावं, असं आणखी कुणीतरी.

“विकलेत की,” ती म्हणाली. “आईबरोबर, ह्याच गावात. तुम्हीच भाव पाडून घेतले असतील.”

यांना घेऊन जा, असं मालकानं मला सांगितलं. जाताना तिची पिशवी शोधायला आम्हाला हलगीवाल्याला विचारावं लागलं.

रिक्षात तिनं मला विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं का. हलगीचं माहीत नव्हतं, मी म्हटलं.

“हलगीचं नाही विचारत मी,” ती म्हणाली. स्टँडवर उतरताना एवढंच म्हणाली की दिल्लीचं तिकीट बघते.

शिरोलीची ती जागा त्याच आठवड्यात मेव्हण्याच्या धाकट्या मुलाला मिळाली. परीक्षा दिलेल्या दोघांत तो नव्हता.

पण गावात गोष्ट पसरली होती. उचगावच्या बाजूला आणखी एक फौंड्रीवाला आहे. संघटनेच्या निवडणुकीपासून त्याच्यात आणि शिरोलीवाल्यात विस्तव जात नाही. त्याचा फोन आला.

“त्याचा नारळ टेबलावर आपटला, तीच का ती बाई?”

“आपटला नाही, ठेवला.”

“आपटला म्हणत्यात. मला पायजे ती. सोमवारपासनं येऊ द्या.”

“आणि टेस्ट?”

“झाली की टेस्ट. शिरोलीत.”

समावेशक भरतीचं माझं पहिलं यश हे असं ईर्षेतून आलं. मी तिला कळवलं. तिनं नकार दिला. परीक्षा झाल्याशिवाय येणार नाही म्हणाली. मी समजावायला गेले तर म्हणाली, “उद्या या दोघांची दिलजमाई झाली, की मी तिथं कशाच्या जोरावर राहायचं?”

मी उचगावला गेले. मालक तासभर माझ्यावर खेकसला. माझ्या कारखान्यात मला शिकवता काय, म्हणाला. शेवटी मी त्याला एवढंच सांगितलं की शिरोलीत परीक्षेशिवाय भरती झाली आहे. त्यानं परीक्षा मांडली.

उमेदवार तिघे होते, सँपलवर नावं नव्हती, आणि दोन माणसांनी वेगवेगळे गुण दिले. ती पहिली आली, थोडक्यात. दुसरा आलेला चंदगडचा मुलगा रात्रपाळीला घेतला. तिची निर्वासित म्हणून नोंदणीची कागदपत्रं मी टेबलावर ठेवली. मालकानं ती मॅनेजरकडे सरकवली, मॅनेजरनं मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. गाव कुठलं, असं मालकानं जाता जाता विचारलंच. “मुंडगोड,” ती म्हणाली. तिथं त्याचा पाहुणा निघाला नाही. पुढं बोलायला त्याला काही सापडेना.

पुढं महिन्याभरानं मी तिकडं गेले होते. संस्थेला अहवालासाठी तिचा एक हसरा फोटो हवा होता. फाटकातूनच मालकाचा आवाज ऐकू आला.

“ओ केमिस्टबाई, रिपोर्ट काय मुहूर्त बघून देनार व्हय? भट्टी तापून बसलीया.”

प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं. “सँपल धड काढायला शिकवा तुमच्या माणसांना. निम्मा स्लॅग आहे यात, नुसता वरचा मळ. दुसरं पाठवा, मग ओरडा.”

कामावरच्या कुणी मान वर केली नाही. रोजचंच असावं. मी मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि मागे फिरले.

वॉचमननं मला थांबवून तिची तक्रार केली. एकाआड एक शनिवारी ही बाई बॅग घेऊनच कामावर येते, पाळी सुटली की हुबळीची गाडी गाठायला निघते, आणि मालकानं कितीही बोंब मारली तरी थांबत नाही.