एन्झोचं इंग्लिश गाणं

एन्झोचे किस्से म्हणजे ना, एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्ये घुसतो. हसायला सुरुवात होते खरी, पण संपेपर्यंत कुणालाच हसू येत नाही. तरी ऐका.

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये खालच्या मजल्यावर राहायचा हा इटालियन. तिकडे इटलीत त्याने लिहिलेली गाणी तुफान गाजलेली. गायली मात्र दुसऱ्यांनी. "माझी गाणी सगळ्या इटलीला पाठ आहेत," तो म्हणायचा, "माझं नाव फक्त पोस्टमनला!"

अमेरिकेत आला तो एकाच हट्टाने. एक इंग्लिश गाणं इथे रेकॉर्ड व्हायला हवं, तेही स्वतःच्या आवाजात. नाही जमलं, तर परत जाऊन भावाच्या बुटांच्या दुकानात बसायचं.

तोवर पोटासाठी आपल्याच लोकांच्या पोरांना पियानो शिकवायचा. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष कर्णिक काका, त्यांच्या मुलीने एकदा सरळ विचारलं, "एन्झो, आर यू फेमस?"

"इटलीत आहे."

"ओह. सो, नो."

\*

संध्याकाळी तो एका रेस्टॉरंटमध्ये पियानो वाजवायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने हनिमूनला इटलीत ऐकलेल्या गाण्याची फर्माइश केली. ते नेमकं एन्झोचंच! गडी असा काही रंगला की विचारू नका.

गिऱ्हाइक खूष. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "छान वाजवतोस. तूही असं एखादं लिहून बघ की!"

एन्झो म्हणाला, "ट्राय करतो, सर."

\*

लॉस एंजेलिसच्या रेकॉर्ड कंपन्यांना आपल्या गाण्याच्या कॅसेटी पाठवायचा. बहुतेक परत यायच्या, तशाच्या तशा. एकदा मात्र माझ्या दारावर धाडधाड! "यार, टेप पुढे गेलीये! त्यांनी ऐकलंय!" हा 'यार' त्याला माझा रूममेट दिनेशने शिकवलेला.

कुठपर्यंत ऐकलं ते बघू या, म्हणून दिनेशने रिवाइंड न करता कॅसेट तशीच वॉकमनमध्ये घातली. प्ले दाबलं, तर पियानोचा पहिलाच सूर. जरा मागे नेली, तर एन्झोचा आवाज, "वन, टू, थ्री..."

बस! तेवढंच ऐकलं होतं मेल्यांनी.

"अरे, वॉकमनच खराब आहे माझा," दिनेश म्हणाला. नागपूरचा माणूस, खोटं बोलताना कान लाल होतात त्याचे.

\*

आणि मग तो गणपती.

गायकांना कामं मिळवून देणारा एक एजंट त्याला ऐकायला तयार झाला. म्हणाला, कॅसेटवर माझा विश्वास नाही, लोकांसमोर गाताना ऐकव. आता एन्झोला लोक कुठून मिळणार? आमचेच! शाळेचा हॉल, मंडळाचा कार्यक्रम. एजंटची परतीची फ्लाइट त्याच संध्याकाळची. मी काकांना चार वेळा बजावलं. "अरे, अगदी पहिला आयटम त्याचाच! काळजीच सोड!"

आता आपल्याकडे पहिला आयटम कधी सुरू होतो? आधी दीपप्रज्वलन. मग स्वागतगीत. मग पाहुण्यांचा सत्कार. एजंटलाही पहिल्या रांगेत बसवून शाल घातली, मांडीवर नारळ दिला. बिचारा हसला. मग स्पॉन्सर्सचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, आणि मग काकांचे 'दोन शब्द'!

दिनेशने चिठ्ठी पाठवली, "काका, आवरा!" काकांनी चष्मा लावला, वाचली, "एक सूचना आली आहे, आभारी आहोत," म्हणाले आणि मंडळाच्या इतिहासाकडे वळले. माझं डोकं असं फिरलं होतं ना!

एजंटने घड्याळ बघितलं. शालीची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला आणि निघाला. मी पार्किंगपर्यंत धावलो. "सॉरी, माय फ्लाइट," म्हणाला आणि गाडीत बसला.

परत आलो तोवर पडदा उघडलेला. एन्झो नव्या सुटात पियानोपाशी. त्याने पहिल्या रांगेकडे बघितलं. खुर्ची, शाल, नारळ. मला वाटलं, उठून जाईल.

नाही गेला. "वन, टू, थ्री..." म्हणाला आणि गायला. काय गायला हो! आमची पळापळ करणारी पोरंसुद्धा जागच्या जागी बसली. दिनेश तर रडतच होता.

गाणं संपलं. टाळ्याच टाळ्या! आणि विंगेतून कर्णिक काका बेंबीच्या देठापासून ओरडले, "वन्स मोअर!"

सगळा हॉल ओरडायला लागला, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

एन्झोने एकदा त्या खुर्चीकडे बघितलं. सूट सारखा केला, परत बसला आणि म्हणाला, "वन, टू, थ्री..."