पोत्यामागे दहा पैसे

मी पदवीधर झालो तो मोठ्या वहिनींमुळे. दादा पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या कारखान्यात होते. त्यांच्या एका खोलीत राहून मी कॉलेजला जाई. माझी फी भरायची म्हणून वहिनींनी चार वर्षं नवं लुगडं घेतलं नाही.

चाळीच्या भिंती पत्र्याच्या. थंडीत फटींतून वारा येई, शेगडीला कोळसा पुरत नसे. टंचाई आली तेव्हा चाळीच्या पंचांनी ठरवलं की वखारवाल्याने पोत्यामागे दहा पैसे जादा घ्यायचे आणि त्यातून एकेका खोलीच्या फटी गोणपाट, डांबर लावून बुजवायच्या. कोळसा खरंच कमी लागू लागला. सगळे खूश होते, मीही.

त्या पौषात वहिनी बाळंत झाल्या. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, दार बंद, ही आमची खानदेशातली रीत. बाळंतीण घरात म्हणून पंचांनी आमच्या खोलीचा नंबर आधी लावला.

मी तेव्हा नवसारीला नोकरीला होतो. बारशानंतरच्या रविवारी दुपारी गेलो. आत अंधार, म्हणून कंदील लावलेला. तेल भरपूर, तरी ज्योत बारीक. वहिनींचं डोकं दुखत होतं. दृष्ट लागली म्हणून बाळंतपणासाठी गावाहून आलेल्या आईने मीठ-मिरच्या उतरवल्या होत्या. मी दार उघडं धरलं. थोड्या वेळाने ज्योत उभी राहिली.

"भाऊजी, असंच राहू द्या जरा," वहिनी म्हणाल्या.

"तिले वारा लागी जाई," आई म्हणाली. "कालेज शिकना, आते मायले शिकाडस."

दादा हसले. "चाळीच्या पैशांनी फटी बुजवल्या आणि साहेब दार उघडतात."

दार बंद झालं. माझ्या गाडीची वेळ झाली होती. निघताना शेजारच्या काकू म्हणाल्या, फटी बुजवल्यापासून त्यांचे सासरे सकाळी उठले की ओकतात.

नवसारीला उतरल्यावर स्टेशनच्या बाकावरच मी पत्र लिहिलं:

"सौ. वहिनींस साष्टांग नमस्कार वि. वि.

हे पत्र दादांकडून आईला वाचून दाखवावे. दारावरचे गोणपाट हातभर फाडावे आणि निजण्याआधी शेगडी बाहेर काढावी; बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू कोंडतो. पंच रागावले तर माझे नाव सांगावे. कंदील बाजेजवळ असू द्या. ज्योत खाली गेली की बाळाला घेऊन बाहेर या, कोणाला विचारू नका. तुमचे मी आजवर सगळे ऐकले, एवढे माझे ऐका. मी तासभर घरात होतो, पण बाळ एकदाही रडले नाही."