झटकेमामांचं उलटं बोट

कारखान्यातल्या जुन्या वायरमनला सगळे ‘झटकेमामा’ म्हणत. टेस्टर खिशाला असायचा, पण तो आपला शोभेला. तारेत वीज आहे का, हे मामा मधलं बोट उलटं लावून बघायचे. “सुलटा हात चिकटतो, उलटा झटक्यासरशी सुटतो,” हे त्यांचं शास्त्र. अहो, तीस वर्षं खपलं की!

मग नवे मॅनेजर आले आणि त्यांनी फर्मान काढलं. महिनाअखेरपर्यंत सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर विजेच्या पॅनेलला हात लावायचा नाही, गोदामात खोकी रचा. खोकी? आणि मामांनी?

शोधाशोध सुरू झाली. एका ठिकाणी सगळं कॉम्प्युटरवर. पडद्यावरची तार धरणार कशी, कपाळ! दुसरीकडे वयाची अट. शेवटी मामींनीच भाजी आणताना भिंतीवरचा कागद वाचला. तंत्रशाळेत दर रविवारी प्रत्यक्ष काम शिकवणार होते. मामांना न विचारताच त्या नाव घालून आल्या.

शिकवणाऱ्या बाई मामांच्या लेकीच्या वयाच्या. “मेन स्विच बंद. त्याला आपलं कुलूप, किल्ली आपल्याच खिशात. मग टेस्टर चालू तारेवर तपासून घ्यायचा आणि मगच बंद तारेला लावायचा.” मामांना सगळं तोंडपाठ झालं. तिसऱ्या रविवारी परीक्षा होती. कुलूप झालं, किल्ली खिशात गेली आणि सवयीने बोट निघालं तारेकडे!

“मामा, हात मागे!” बाई कडाडल्या. “नापास. पुढच्या रविवारी परत या.”

पुढचा रविवार म्हणजे महिन्यातला शेवटचाच. घरी मामींनी त्या बोटाला चिंधी गुंडाळली आणि घट्ट गाठ मारली. आठवडाभर मामा तसेच जेवले, तसेच झोपले.

“बोटाला लागलं का?” बाईंनी परीक्षेला विचारलं.

“नाही हो. घरून कुलूप लावून पाठवलंय.”

बाई खो खो हसल्या. मामांनी मात्र टेस्टरच काढला. पास!

घरी सर्टिफिकेट बघून मामी चिंधी सोडायला बसल्या. गाठ सुटेना, कारण डोळे भरलेले. “रोज डबा देताना मी या हाताकडे बघायचे. संध्याकाळी परत येतोय की नाही म्हणून.”

शेवटी गाठ सुटली. मोकळं झालेलं बोट त्यांनी उलटं करून हळूच मामींच्या गालाला लावलं.

“अहो!” मामी डोळे पुसत ओरडल्या. “आधी टेस्टर!”