आत्याच्या बारमधला तांडेल

माझी आत्या जिवंत माणसांशी कधी आदरानं बोलली नाही. तो मान तिनं मेलेल्यांसाठी राखून ठेवला होता. कंपनीतला फोरमन असो नाहीतर गावचा सरपंच, सगळ्यांना ती सरसकट ‘अरे-तुरे’ करायची. पण बारच्या कपाटातून कुणी नाक ओढल्याचा आवाज आला, की हात पुसून पुढे व्हायची आणि म्हणायची, “जमादारसाहेब, दारूबंदी उठली आता. बसा निवांत.”

बार होता रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, कुंडलिका नदीच्या अगदी काठावर. आत्याच्या सासऱ्यांनी तिथं आधी ताडीचा गुत्ता काढला होता. खाडीतून मीठ आणि भात घेऊन येणारे गलबतवाले तिथं टेकायचे. मग दारूबंदी आली. सासऱ्यांनी पाटी भिंतीकडे तोंड करून टांगली आणि कोऱ्या बाजूवर ‘लेमन सोडा’ लिहिलं. त्या काळात एक पोलीस जमादार रोज येऊन एकेक ग्लास हुंगून जायचा. तो तापानं वारला, पण हुंगणं काही सुटलं नाही, असं आत्या सांगायची. पुढे बंदी सैल झाली, परमिट रूम झाली, जवळच धाटावला कंपन्या आल्या आणि शिफ्ट सुटली की बाकं भरायला लागली. तोवर आत्याचे यजमान छातीत कळ येऊन गेले होते. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. नातेवाईक म्हणाले, विकून टाक. आत्यानं पदर खोचला आणि गल्ल्यावर जाऊन बसली. स्वतः तिनं आयुष्यात चहापलीकडे काही घेतलं नाही.

पेणला आमच्या घरी ‘बार’ हा शब्द उच्चारत नसत. वडील ‘रोह्याचं हॉटेल’ म्हणत, तेही आवाज खाली आणून. त्यामुळे मला रोह्याच्या शाळेत नोकरी लागली आणि मी आत्याकडे, म्हणजे बारच्या मागच्या खोलीत राहायला निघाले, तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. प्रत्यक्षात माझ्यापेक्षा गिऱ्हाइकांचेच हाल जास्त झाले. शाळेतून परत येताना मी बारमधूनच आत जायची आणि माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप ग्लास टेबलाखाली लपवून उभे राहायचे. “बसा रे,” आत्या ओरडायची, “ती काय तुमची पाटी तपासायला नाय आली!”

आत्याच्या भुतांत सगळ्यात थोर तांडेल, एका गलबताचा म्होरक्या. नदीकडच्या खिडकीशी एक बाकडं होतं, तिथं कुणी बसायचं नाही. हा तांडेल म्हणे एकदा अर्धा ग्लास तसाच ठेवून, “आलोच,” म्हणून उठला, आणि खाडीच्या तोंडाशी त्याचं गलबत उलटलं. आत्या रोज दुकान उघडलं की पहिला ग्लास त्या खिडकीत ठेवायची. नवखं गिऱ्हाईक चुकून बाकड्यावर टेकलं, तर म्हणायची, “ऊठ रे. मांडीवर बसलास त्यांच्या.” पाठीला काटा आल्यासारखा माणूस उडायचा. मला हसू यायचं. पण दुपारी बार रिकामा असताना त्या बाकड्यावरून जायचा धीर मलाही कधी झाला नाही. वळसा घालून जायची.

एका वर्षी पावसानं तीन दिवस उघाड दिली नव्हती. शाळा दुपारीच सोडली. मी आले तर बार गच्च भरलेला. कंपनीची बस आली नव्हती, माणसं अडकून पडली होती. नदी चढली होती, पण ती दर वर्षीच चढायची. एवढ्यात आत्या भज्यांचं ताट घेऊन आतून आली, खिडकीकडे बघितलं आणि जागीच थांबली. ताट खाली ठेवलं.

“तांडेल उभे राहिले,” ती म्हणाली.

एक फोरमन हसला. “काकी, त्यांची पण शिफ्ट असंल.”

एरवी आत्यानं त्याला शिव्याच घातल्या असत्या. त्या दिवशी तिनं हात जोडले. “बाबांनो, इतकी वर्षं ते नाय उठले, ते आज उठले. तुम्ही पण उठा. चला. पाया पडते तुमच्या.”

आत्याच्या तोंडून ‘तुम्ही’ ऐकलं आणि सगळ्यांची उतरली. भरलेले ग्लास सोडून माणसं उठली आणि चढावरच्या देवळाकडे निघाली. सगळ्यात शेवटी मी आणि आत्या. दारात ती थबकली, चौकटीला पाठ लावून अंग चोरून उभी राहिली आणि कुणाला तरी आधी वाट दिली. माझ्या अंगावरून गार वारा गेला, पावसाचा असेल. मग तिनं माझा हात धरला.

आम्ही देवळात पोचतो न पोचतो तोच खाली धडाड आवाज झाला. नदीकडची भिंत गेली, तिच्यामागून कौलं, बाकडी, सगळं. गढूळ पाणी बारच्या आरपार वाहत होतं. फोरमन देवळाच्या पायरीवर डोकं धरून बसला होता.

मी खूप दिवसांनी विचारलं, “आत्या, खरं सांग, तुला खिडकीतून पाणी दिसलं ना?”

“पाणी तुला पण दिसत होतं गो, मास्तरीण,” ती म्हणाली. “तू का नाय उठवलंस लोकांना?”



बार पुन्हा उभा राहिला नाही. आत्याला मी पेणला घेऊन आले. समोर गणपतींचा कारखाना, दिवसभर माणसांची ये-जा. पण तिचं मन रमेना. “तुमच्या पेणात मेल्यावर माणसं जातात तरी कुठं?” ती विचारायची. “एक पण फिरकत नाय.”

एका सकाळी मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती आपण होऊनच बोलली.

“सगळ्यांचं केलं गो मी. जमादाराचं केलं, तांडेलाचं केलं. दुकान विकलं नाय ते एवढ्याचसाठी. म्हटलं, एवढे येतात, तर एखाद दिवशी हे पण येतील.”

माझा हात थांबला.

“हे तेवढे नाय आले,” ती म्हणाली. मग मान जराशी पुढे झुकवून, “लाव, लाव. बरं वाटतंय,” म्हणाली, आणि मी पुन्हा तेल चोळायला लागले.