सुई पासष्टवर

विमान हवेत किती वेगानं चाललंय हे कसं कळतं, असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारते, मोटारसायकलवर मागं बसून कधी तोंड उघडं ठेवलंय का? ठेवून बघा. गाल फुगतात. गाडी जेवढी पळेल तेवढे जास्त. विमानाच्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते, वाऱ्याकडं तोंड करून. हवा तिच्यात घुसते आणि दाबते. दुसरं एक बारीक भोक विमानाच्या कुशीला असतं, वारा थेट लागणार नाही अशा जागी. ते नुसत्या बसल्या हवेचा दाब घेतं. या दोन दाबांतला फरक घड्याळासारख्या एका डबीत जातो आणि सुई हलते. बिचारी सुई वेग मोजतच नाही, धक्का मोजते. वेगाचे आकडे आपण माणसांनी तिच्याभोवती लिहून ठेवलेत.

हे मी आता झोपेतसुद्धा सांगेन. पण शिकत होते त्या उन्हाळ्यात याच सुईनं मला कायमचं घरी बसवायची तयारी केली होती.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गावच्या दूध सोसायटीत दूध तपासायचे. आमच्या वस्तीतलं दूध गावातल्या घरांना चालत नव्हतं, असे दिवस त्यांनी लहानपणी बघितलेले. आता त्याच माणसापुढं सगळं गाव सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन रांगेत उभं राहायचं आणि तो सांगेल तो आकडा मान्य करायचं. आबांना याचा अभिमान होता आणि धास्तीही होती. कुणाला बोट दाखवायला जागा मिळू नये म्हणून ते लई काटेकोर वागायचे.

त्यांचं हत्यार म्हणजे लॅक्टोमीटर. तळाशी वजन असलेली काचेची नळी. दुधात सोडली की ती तरंगते. दूध दाट असेल तर वर राहते, पातळ असेल तर खाली जाते, आणि तिच्या मानेवरचा आकडा वाचायचा. कुणी पाणी घातलं असेल तर लगेच उघडं पडतं. पण दूध गरम असलं तरीही ते पातळ होतं, नळी खाली जाते, आणि थेंबभर पाणी न घालता माणूस चोर ठरतो. म्हणून आबा दुधात तापमापक बुडवायचे आणि गरमीच्या हिशोबानं आकडा वाढवून धरायचे. नळीवर सव्वीस दिसले तर ते अठ्ठावीस सांगायचे. दुरुस्ती केल्याशिवाय सांगितलेला आकडा म्हणजे थाप, हे आमच्या घरात बाराखडीच्या आधी शिकवलेलं. माय म्हणायची, या माणसाला भाजी आळणी झाली म्हणून सांगा, हे आधी विचारणार, गरम असताना चाखली का गार झाल्यावर?

अशा घरातून मी विमान शिकायला गेले. शिष्यवृत्ती मिळाली होती, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या धावपट्टीवर शाळा होती, आणि बॅचमध्ये एसटीनं आलेली मी एकटीच. शिकवणारे सर हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे विदर्भातले. कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते दुसऱ्यांदा सांगायचे नाहीत.

सुईच्या दुरुस्त्यांचा धडा आला तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. पहिली दुरुस्ती नळी कुठं बसवलीय आणि डबी स्वतः किती चुकते त्याची. ती लहानशी, विमानाच्या पुस्तकात तक्ता दिलेला असतो. दुसरी मोठी, पातळ हवेची. उंचीवर हवा पातळ, उन्हाळ्यातही हवा पातळ. पातळ हवा नळीला कमी धक्का देते, म्हणून सुई कमी दाखवते आणि विमान प्रत्यक्षात जास्त वेगानं चाललेलं असतं. गरमी असली की आकडा वाढवून धरायचा. अरे, हे तर आमच्या घरचंच शास्त्र. बाकीची पोरं डोकं खाजवत होती आणि मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात सोसायटीचा पाढा म्हणत होते. परीक्षेत त्या प्रकरणात माझ्या वर कुणी नव्हतं. मी फुगले होते, खोटं कशाला सांगू.

मग तो दिवस आला. एकटीनं उडायच्या आधी सर शेजारी बसून परीक्षा घेतात, तशी माझी परीक्षा होती. भर एप्रिल. धावपट्टीवरून वाफा निघत होत्या. पुस्तक सांगतं, उतरताना सुई पासष्ट नॉटवर ठेवा. मी उतरायला लागले, सुई पासष्टवर. पण माझ्या डोक्यातले आबा जागे झाले. गरमी हाय, दुरुस्ती कर. केली. खरा वेग सत्तरच्या वर निघाला. म्हटलं, बाप रे, आपण तर जोरात चाललोय. खालची जमीनही भरभर पळताना दिसत होती. मग काय, नाक थोडं वर घेतलं, वेग कमी केला. सुई साठवर आली, साठच्याही खाली घसरली, आणि शेवटच्या वळणावर पंखातली धोक्याची शिट्टी वाजली. पंखाला पुरेशी हवा मिळत नसली की ती वाजते. त्यानंतर पंख उचलायचं काम सोडून देतो आणि विमान दगडासारखं खाली येतं.

सरांनी शांतपणे म्हटलं, “मी घेतो,” आणि घेतलं. खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, पासष्टचे साठ का केले? मी मान ताठ ठेवून सगळी दुरुस्ती सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. हिशोब बरोबर आहे म्हणाले, आणि दोघंही मेलो असतो. मग म्हणाले, आठवडाभर घरी जा. परत आलीस की उतरताना हा आकडा दुरुस्त का करायचा नाही ते मला सांगायचं, पुस्तकातलं नको, तुला कळलेलं. त्यानंतर परत एकदा परीक्षा. त्यात नापास झाले तर शिष्यवृत्ती बंद आणि नाव कमी, हा शाळेचा नियमच होता.

एसटीत खिडकीशी बसून मी रडले. राग आला होता. हिशोब बरोबर आणि तरी चूक, हा कुठला न्याय?

घरी आले तर गाव निम्मं रिकामं. त्या साली दुष्काळ असा पडला होता की माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला, उसाचं टिपरू उरलं नाही. आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं यायचं. गावातली जनावरं चारा छावणीत नेलेली, म्हणजे माळावर मांडव घालून सगळ्यांची गुरं एकत्र बांधलेली, चारा-पाणी तिथंच. एका सहकारी संस्थेनं ती छावणी उघडली होती. माणसंही गुरांजवळच राहायला गेली, आणि त्यांच्या मागं दूध सोसायटीही गेली. आबा एका मांडवाखाली टेबल टाकून बसायचे. गंमत अशी की छावणीत कुणाची कुरकुर नव्हती. बाया एकत्र चुली मांडायच्या, गप्पा झोडायच्या, म्हशी रवंथ करत बसायच्या. मला तिथं गेल्या गेल्या बरं वाटलं.

आबांना सगळं सांगितलं. शिट्टीचं सोडून. ते सरळ माझ्या बाजूनं झाले. “बराबर केलंस. दुरुस्ती कावून करायची न्हाई? ते सायब चुकलेत.” मी म्हटलं, साहेबांची सगळी हयात हवेत गेलीय. आबा म्हणाले, माझी दुधात गेलीय. दोन दिवस आमची हीच हुज्जत. मी चिडून पुस्तक बाजेवर भिरकावलं, मायनं उचलून धूळ झटकून उशाला ठेवलं. बापलेकीला एकाच मातीचं मडकं मिळालंय म्हणाली, भाजताना जरा जास्तच भाजलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आबांच्या टेबलाशी बसले होते. शेजारच्या मांडवातली मावशी दूध घेऊन आली, नुकतंच काढलेलं, ऊन ऊन. म्हैस चाऱ्यावर होती पण दूध आटलेलं, जेमतेम तांब्याभर. आबांनी त्यातलं थोडं काचेच्या उभ्या भांड्यात ओतलं, ते नेहमीपेक्षा कमी भरलं. लॅक्टोमीटर सोडलं. ते खाली गेलं, गेलं, आणि त्याचं बूड भांड्याच्या तळाला टेकलं. तरंगेच ना. आबा तापमापक बुडवून तोंडानं पुटपुटत होते, एवढी गरमी, मग एवढे वाढवायचे.

मी बघतच राहिले. म्हटलं, “आबा, तुम्ही अठ्ठावीस धरलं म्हणून ते तळावरून वर येणार आहे का?”

“येड लागलं का? आजून दूध वतावं लागंल.”

“मग दुरुस्ती कशाला?”

“ती मावशीसाठी. तिनं पानी घातलं न्हाई हे कळाया. नळीला काय त्याचं.”

एवढं म्हणून आबा कॅनमधलं राहिलेलं दूध ओतायला लागले, आणि मी टेबलावर हात आपटून हसायला लागले. मावशीला वाटलं पोरीला ऊन लागलं. नळीला काय त्याचं! नळी आत्ताच्या, या गरम, पातळ दुधात तरंगते. गार दुधात ती कुठं राहिली असती याच्याशी तिला देणंघेणं नाही. पंखाचंही तेच. पंख आत्ताच्या पातळ हवेवर तरंगतो. हवा पातळ झाली की सुईला धक्का कमी बसतो, आणि पंखालाही उचल तेवढीच कमी मिळते. दोघं एकाच ताटात जेवतात. सुईवर पासष्ट म्हणजे पंखाला पोटभर, मग हवा गार असो की तापलेली. खरा वेग कुणाला हवा? नकाशावर बघणाऱ्याला. किती वेळात पोचू, इंधन पुरेल का, याला दुरुस्ती पाहिजे, तिथं ती नाही केली तर वाट चुकशील. पण हवेत टिकून राहायला सुई म्हणते तेच खरं. मी खरा वेग पासष्ट करायला गेले आणि पंखाला उपाशी ठेवलं.

आबांना हे सगळं सांगितलं, या वेळी शिट्टीसकट. ते हातातली नळी फडक्यानं पुसत राहिले. दुरुस्तीची बाजू सोडून देणं त्यांच्या जिवावर आलं होतं, ते मला दिसत होतं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, आता पडणार न्हाईस ना? मी म्हटलं, नाही. मग ते पुढच्या कॅनकडं वळले. रात्री जेवताना माझ्या ताटात स्वतःची भाकरी ठेवली.

परत गेले. सरांना मी पुस्तकातला एक शब्द न वापरता दूध, मावशी, भांडं, सगळं सांगितलं. ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, चल.

दुपारचे चार वाजले होते तरी ऊन मागच्या वेळेपेक्षा कडक. सर शेजारी बसून एक शब्द बोलले नाहीत. मी दोन चकरा मारल्या, दोनदा विमान उतरवलं. मग त्यांनी धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला लावलं, स्वतःचा पट्टा सोडला, खाली उतरले, रिकाम्या सीटचा पट्टा नीट बांधून ठेवला आणि दार लावता लावता म्हणाले, “एक चक्कर मारून ये.”

एक माणूस कमी झाल्यावर विमान कसं चटकन वर उठतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ओरडलेच. खाली करडा माळ, वाळलेले ओढे, कुठंतरी टँकरचा धुरळा, आणि आत फक्त मी. भीती वाटली का? वाटली. पण आनंद एवढा होता की भीतीला बसायला जागा नव्हती.

शेवटचं वळण घेतलं. समोर धावपट्टी. सुई पासष्ट. आणि खालची जमीन मागच्या वेळेसारखीच अंगावर धावून यायला लागली. डोळे म्हणत होते, जोरात आहेस. पोट म्हणत होतं, कमी कर. हात वळवळला. मी त्या हाताला मोठ्यांदा शिवी दिली, आमच्याकडची, इथं लिहिण्यासारखी नाही. सुई पासष्टवरून हलू दिली नाही. चाकं टेकली, एकदा उसळी घेतली, पुन्हा टेकली आणि विमान सरळ पळत जाऊन थांबलं.

सरांनी माझ्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं, पहिल्यांदा एकटं उडणाऱ्यावर ओततात तसं. दुष्काळातलं पाणी म्हणून माझा जीव चुकचुकला, पण मी मनसोक्त भिजले. तशाच ओल्या अंगानं आबांना फोन लावला. मागं म्हशींचे आवाज, माणसांची गलबल. मी सांगितलं, झालं, पास झाले, विमान घेऊन वर गेले आणि उतरवलं.

आबा म्हणाले, “तुझ्याबरूबर इमानात बसलेल्या सायबांला फोन दी. त्यांचे आभार मानतो.”

“आबा, विमानात साहेब नव्हते. ते खाली उभे होते.”

“मंग कोन व्हतं?”

“कोणीच नव्हतं. मी एकटी.”

पलीकडं आबांनी आजूबाजूच्या माणसांना गप्प बसवलं, आवाज साफ केला, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “जयभीम, सायब.”

मी ओल्या कपड्यांत ताठ उभी राहिले आणि त्यांना जयभीम म्हटलं.