मांडवाचं भोक

गावच्या पाणी योजनेच्या टाकीसाठी दोन गुंठे जागा मी दिली. करंजाड्याचे बिल्डर माझ्याशी घासाघीस करताना घाम पुसतात, पण गावाला मी एकच अट घातली होती : आमच्या शेवटच्या आळीत, आईच्या दारात, पाणी आलं पाहिजे. ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले. हात वर करायला आमच्याकडे कुणाचं काही जात नाही.

पाणी आलं. आईने नळाला हळदकुंकू वाहिलं. मग लग्नसराई आली.

आमच्या गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. अख्खी पंचक्रोशी जेवायला येते. मांडवाला पाणी देणं म्हणजे सरपंचाची पत. टाकीकडून येणाऱ्या मोठ्या पाइपाला भोक पाडायचं आणि नळी थेट मांडवात सोडायची. मांडव उतरतो, भोक राहतं. कुणी त्याला चिंधी गुंडाळतो, कुणी तिथेच गाडी धुतो. बुजवणार कोण? ज्याच्या दारात भोक, त्याच्या घरात मतं. बघता बघता आमच्या आळीतल्या नळांतून नुसती हवा येऊ लागली आणि आई पुन्हा विहिरीवर जाऊ लागली.

ग्रामसभेत मी आवाज चढवला. सरपंच हसला. "दादा, बुजवू ना! पयलं कुनाचं बुजवायचं, तेवढं तुमी सांगा."

सगळे माना खाली घालून बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "शेटला पानी नको, भांडान पायजे." तेव्हा मात्र त्याच माना वर झाल्या. हसायला.

यंदा पुतण्याची हळद होती. भाऊ टाकीखालीच बंगला बांधून राहतो. सरपंच स्वतः ड्रिल घेऊन आला. मी म्हणालो, "टँकर मागवतो."

"टँकर?" भाऊ माझ्यावरच उखडला. "लोक काय बोलतील? सरपंच आपल्याला पानी देत नाय?"

भोक पडलं. मी मांडवात जेवलो नाही. पाहुणे पांगताच पनवेलहून प्लंबर आणला आणि पक्का क्लॅम्प बसवून घेतला. भावाने तेव्हापासून बोलणं टाकलंय.

पुढे योजनेच्या पाहणीला तालुक्याचे साहेब आले. सरपंचाने त्यांना थेट त्या क्लॅम्पपाशी नेलं. "बगा साहेब, गळती आमी अशी बुजवतो." फोटो निघाले. गावात बुजवलेलं ते एकच भोक, आणि तेही माझ्या पैशाने.

मी आडवा गेलो. "साहेब, शेवटच्या आळीत चला. नळ उघडून दाखवतो."

साहेबांनी सरपंचाकडे पाहिलं. सरपंच म्हणाला, "दादा, जेवन निवतंय ना!" झालं. सगळे वळले.

मी आळीत गेलो तेव्हा आई हंडा उतरवत होती. "गाड्या दिसल्या," ती म्हणाली. "सायब पानी बघाला आलेले?"

"जेवायला," मी म्हणालो.